मोडलेली बारी

कडुलिंबाचा पाला चावूनही अंगदच्या तोंडावर कडवटपणाची रेघ उमटली नाही, तशी नागोबाच्या ओट्याभोवतीची माणसं एकमेकांकडे बघू लागली. पाला कडू लागत नाही म्हणजे विष चढलंय, हे धावडा गावात लहान पोरालाही ठाऊक होतं. कुणीतरी मागून हाक दिली, की रखमाजीबाबाला वाट द्या.

रखमाजी मेंढरं माळावर तशीच सोडून आला होता. सत्तरीला टेकलेला माणूस, धापा टाकत ओट्याची पायरी चढला. नागोबाच्या दगडासमोर बाज टाकली होती आणि तिच्यावर बावीस वर्षांचा अंगद पडला होता. सकाळी कपाशी खुरपताना घोट्याच्या वर डसलं, असं त्याचा बाप आबाराव सांगत होता. नागच होता, फडा काढलेला आबारावनं स्वतः पाहिला होता. रखमाजीचा चेला कल्याण यानं हलगी शेकून तयार ठेवली होती. आता रखमाजीनं मांडी घालायची, भंडारा लावायचा आणि बारी उचलायची, एवढंच बाकी होतं.

साप चावलेलं माणूस ओट्यावर आणायचं आणि हलगीच्या तालावर त्याच्यासमोर सगळं नागकुळ गाऊन जागं करायचं, ही बारी. शेष, वासुकी, कर्कोटक, यमुनेच्या डोहातला कालिया, जनमेजयाच्या यज्ञात तडातडा पडणारे साप आणि तो यज्ञ थांबवणारा आस्तिक. एकेकाची कथा गायची, एकेकाला शपथ घालायची. मग डसलेला नाग आपलं विष परत ओढून घेतो, असं गाव मानत आलं होतं. रखमाजीच्या बापानं जन्मभर बारी म्हटली आणि त्याच्यामागं पंचेचाळीस वर्षं रखमाजीनं. त्याच्यासमोरून शेकडो माणसं उठून पायी घरी गेली होती. त्या जोरावर त्याचा गावात मान होता. दोन एकर रान आणि वीस मेंढरं एवढाच त्याचा पसारा, पण भावकीच्या भांडणात त्याचा शब्द शेवटचा असायचा.

रखमाजी बाजेजवळ उकिडवा बसला. त्यानं अंगठ्यानं अंगदची पापणी वर केली. हात काढला तशी ती पुन्हा मिटली. अंगद काहीतरी सांगायला गेला, पण जीभ वळेना, नुसती लाळ ओठांच्या कोपऱ्यातून गळली. रखमाजी त्या तोंडाकडे बघत राहिला. मग उठून उभा राहिला.

"गाडी काढा," तो म्हणाला.

आबारावला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यानं पुन्हा विचारलं. रखमाजीनं समोर बोट केलं. गौतमचंद शेठच्या दुकानापुढं त्यांची पिकअप उभी होती. तिच्यात बाजेसकट घाला आणि जल्दी दवाखान्यात न्या, बारी होणार नाही, असं त्यानं सांगितलं.

गर्दीत गलका झाला. कल्याण दहा वर्षं रखमाजीच्या मागं बसून शिकलेला. बाबांचं वय झालं, त्यांना उमजेनासं झालंय, असं म्हणत तो स्वतः मांडी घालून बसला आणि हलगीवर थाप टाकली. रखमाजीनं हलगीवर हात ठेवला. कल्याणनं तो झटकला. मागून कुणी म्हणालं, ह्याला धरून खाली उतरवा. आबारावनं रखमाजीच्या सदऱ्याला छातीपाशी धरलं.

"साऱ्या गावाची बारी केली तुमी. माझ्या पोराच्या टायमालाच तुमाला दवाखाना दिसला?"

रखमाजीनं समजावून पाहिलं. बऱ्याच सापांत विषच नसतं, नाग चावला तरी दर खेपेला विष उतरतंच असं नाही. जे उठून गेले ते बारी नसती तरी उठून गेले असते. हे त्याला कधीचं कळलं होतं, पण आज पहिल्यांदा त्याच्या तोंडून निघत होतं. कुणी ऐकून घ्यायला तयार नव्हतं. हलगी वाजतच होती. बाजेवर अंगदचा श्वास तोकडा पडत चालला होता. तेव्हा रखमाजीपाशी एकच बोलणं उरलं. ते बोललं की या गावात आपलं काही राहणार नाही, हे त्याला दिसत होतं.

"आबा," तो म्हणाला, "सोमेश्वरचे डोळे असेच मिटत व्हते."

आबारावची मूठ सैल झाली नाही, पण त्याच्या तोंडचा शब्द थांबला. सोमेश्वर त्याचा धाकटा भाऊ. एकवीस वर्षांपूर्वी याच ओट्यावर, चार तास बारी चालू असताना गेला. देवानं मागितला, दिला, असं तेव्हा रखमाजी म्हणाला होता आणि आबारावनं ते खाली मान घालून मानलं होतं. त्यानंतर दर पंचमीला तो रखमाजीच्या पाया पडत आला होता.

"मला कळलं व्हतं, त्यो वाचत न्हाई म्हणून. शेठनं टेम्पो आणून हितं उभा केल्ता. मीच त्यांना माघारी धाडलं. बारी मोडली असती तर माझं नाव गेलं असतं. तुझा भाऊ देवानं नेला न्हाई, आबा. माझ्यापायी गेला."

हलगी थांबली. परीक्षित राजाचं विष उतरवायला निघालेल्या कश्यपाला तक्षकानं वाटेतच गाठून परत फिरवलं, अशी कथा बारीत आहे. सोमेश्वर गेला त्या दिवशी रखमाजी तीच कथा गात होता आणि गाता गाता त्यानं टेम्पो वळताना पाहिला होता. त्यानंतर ते कडवं आलं की त्याचा आवाज फाटायचा. लोकांना वाटायचं, बाबांच्या अंगात आलं.

आबारावनं दुकानाकडं पाहिलं. गौतमचंद शेठ पायरीवर उभे होते. त्यांनाही सत्तरी उलटली होती.

"शेठ, खरं हाय का?"

"हां आबाराव. गाडी मी आणली होती. हात जोडले होते." शेठ एक पायरी खाली उतरले. "नंतर कधी बोललो नाही. मला याच गावात राहायचं होतं."

आबारावनं रखमाजीच्या तोंडावर हाताचा पालथा फटका मारला. रखमाजी नागोबाच्या दगडावर जाऊन आदळला. मग आबारावनंच बाजेचा पुढचा खूर उचलला, बाकीच्यांनी मागं हात लावला. पिकअप धूळ उडवत भोकरदनच्या रस्त्याला लागली.

रखमाजी ओठाचं रक्त पुसत उठला तेव्हा ओट्याशेजारच्या झाडाखाली जमलेल्या बाया पांगल्या होत्या. एक सोमेश्वरची विधवा रेणुका तेवढी मागं उभी होती. ती त्याच्याकडं बघत होती. मग पदर सावरून निघून गेली.

अंगद वाचला. भोकरदनला सुया दिल्या, तिथून जालन्याला हलवलं, दोन दिवस नळीवर श्वास चालू होता. नवव्या दिवशी तो काठी टेकत गाडीतून उतरला. दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं होतं, की अजून अर्धा तास गेला असता तर काही खरं नव्हतं. आबारावनं हे गावभर सांगितलं, पण रखमाजीच्या दारावरून जाताना मान वळवली नाही.

गावात दोन मतं झाली. कुणी म्हणे अंगदला नागोबानंच वाचवलं, रखमाजीनं देवाला नावं ठेवली. कुणी म्हणे त्यानं सोमेश्वरला जाणूनबुजून मारलं. दोन्हीकडून दोषी तोच होता. माळावर त्याच्या मेंढरांना दगड बसू लागले, एका मेंढीचा पाय मोडला. गिरणीवर त्याचं दळण सगळ्यांच्या मागं राहू लागलं. आणि माणसं येऊ लागली. ज्यांचं कुणी ना कुणी ओट्यावर गेलं होतं, ती एकेक करून दारात येत आणि उभ्यानंच विचारत, आमच्या बापाचं काय होतं, आमच्या बहिणीचं काय होतं. रखमाजी आठवून आठवून जे असेल ते सांगायचा. ऐकून काही रडत, काही शिव्या देत. धावड्याबाहेरूनही दोघं येऊन गेले.

त्याची बायको आशाबाई हे सगळं चुलीपाशी बसून ऐकायची. एके दिवशी ती म्हणाली, "बोलायचं व्हतं तर तवाच बोलायचं. एकवीस वर्सं गिळलं, मंग आता कशाला ओकलात?"

रखमाजी उठून मेंढरांकडं गेला.

नागपंचमीच्या दिवशी त्याला ओट्यावर बोलावणं आलं नाही. दुपारी कल्याणची हलगी सुरू झाली. वारुळाला जाणाऱ्या बाया नव्या लुगड्यांत, लाह्यादुधाची ताटं घेऊन दारावरून गेल्या. आशाबाई गेली नाही. तिनं पुरणाचे दिंड उकडून ठेवले होते, ते तसेच झाकलेले होते. त्या वेळी रेणुका दारात आली. पंचेचाळिशीची, वाळकी, उन्हानं काळवंडलेली बाई. आशाबाईनं बस म्हटलं. ती बसली नाही.

"बाबा, एक विचारायचं हाय. खरं सांगा."

रखमाजीनं मान हलवली. तिला काय विचारायचंय हे त्याला कळलं. इतक्या दिवसांत येणाऱ्या प्रत्येक माणसागणिक तो हिचीच धास्ती घेत आला होता.

सोमेश्वर पंचमीनंतर चार दिवसांनी गेला होता. प्रेताशी बसलेल्या आईनं विचारलं, बाबा, माझ्या लेकराचं काय चुकलं. तेव्हा रखमाजीनं डोळे मिटून सांगितलं होतं, की पंचमीला या घरात विळी चालली, नाग दुखावला. पंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा चढवायचा नाही, हा सगळ्यांचाच नेम. सासूनं मागं वळून सुनेकडं पाहिलं होतं. पोटुशी सून, चोवीस वर्षांची. मूल पुढं राहिलं नाही, तेही त्याच खात्यावर गेलं. सासू मरेपर्यंत तिला नवराखाई म्हणत राहिली. लग्नाकार्यात, ओटी भरायला तिला कुणी पुढं होऊ दिलं नाही. तिच्या हातचं विळीवरचं चिरलेलं गावात कुणी खात नसे.

"देवानं तुमाला खरंच सांगितलं व्हतं का, विळीचं?"

आशाबाईनं आतून नवऱ्याकडं पाहिलं. नजरेनंच ती त्याला नको म्हणत होती. आता हो म्हटलं तर निदान एवढं तरी झाकलेलं राहील.

"न्हाई," रखमाजी म्हणाला. "कुणी सांगितलं न्हाई. माझ्यावर येऊ नये म्हणून मीच म्हणलो."

रेणुकानं उंबऱ्याकडं पाहिलं.

"मी विळीला हात लावला नव्हता त्या दिवशी," ती म्हणाली. "पण सारे म्हणू लागले, मंग मलाच वाटू लागलं, लावला असंल. इसरले असंल." मग तिनं मान वर केली. "ओट्यावर आबाभाऊजींचं तेवढं सांगितलंत. माझं का न्हाई सांगितलं?"

"धीर झाला न्हाई."

"सारं गाव बसलंय तिथं. चला."

रखमाजीनं पागोटं डोक्याला गुंडाळलं आणि तिच्यामागं निघाला. भर दुपारी विधवा बाई पुढं आणि तिच्यामागं चार पावलांवर म्हातारा, असे दोघे गल्लीतून चालत गेले. ज्यांनी पाहिलं ते दारातच थबकले.

ओट्यावर वासुकीचा दोर करून समुद्र घुसळण्याची कथा चालली होती. रखमाजी पायरीवर चढला तसा कल्याणचा आवाज अडकला. खाली उतर, असं दोघातिघांनी म्हटलं. रखमाजी उतरला नाही. त्यानं हात जोडले नाहीत, माफी मागितली नाही. तशी मागण्याचा आपल्याला काही हक्क आहे असं त्याला वाटलं नाही. सोमेश्वरच्या घरात पंचमीला विळी चालली हे आपण मनानं रचून सांगितलं, रेणुकाचा त्यात काडीचा दोष नव्हता, एवढं त्यानं मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मग तेच पुन्हा एकदा सांगितलं.

आबाराव पुढंच बसला होता. त्याची मान खाली गेली ती वर आली नाही. बायांमधून एकीनं हुंदका दिला, तो कुणाचा ते कळलं नाही. मग कल्याणनं हलगीवर थाप मारली आणि कथा अडली होती तिथून पुढं सुरू केली. रखमाजी पायऱ्या उतरत असताना मागून आलेलं ढेकूळ त्याच्या खांद्यावर फुटलं. त्यानं वळून पाहिलं नाही. रेणुका तोपर्यंत गर्दीतून निघून गेली होती.

घराकडं जाणारी वाट आबारावच्या दारावरून होती. त्याच वाड्याला लागून रेणुकाची एक खोली होती. सणाचा दिवस, म्हणून गल्लीतल्या एकाही घरातून फोडणीचा, चिरण्याकापण्याचा आवाज नव्हता. रेणुका उंबऱ्याच्या बाहेर, सगळ्यांना दिसेल अशी, विळी मांडून बसली होती. पुढ्यात भेंडीचा ढीग होता. वारुळाहून परतलेल्या बाया ताटं घेऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या होत्या. तिनं कुणाकडं पाहिलं नाही. विळीच्या पाटावर पाय घट्ट रोवून ती एकेक भेंडी पात्याला लावत होती.