सगुणेचं आवतण

हळदीची वाटी हातोहात फिरत पुतळापर्यंत आली आणि तिला वळसा घालून पुढे गेली.

वाटी पुढे नेणाऱ्या बाईने काही वाकडं तोंड केलं नाही. उलट हसूनच म्हणाली, "तू गा ना, पुतलाबाय. तुजा आवाज तो तुजाच. हलद लावतील पोरी." आणि वाटीऐवजी तिच्या हातात माईक दिला.

पुतळा गायली. न गाऊन सांगते कुणाला? सीवूड्सच्या मॉलमागे, उंच इमारतींच्या कोंडाळ्यात सापडलेल्या त्या आगरी गावात भटजी येतो तो मंगलाष्टकांपुरता. त्याच्या आधीचं सगळं लग्न लावते ती धवलारीन. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत कोणत्या वेळी कोणता देव बोलवायचा आणि कोणत्या वेळी नवरीला रडवायचं, ते सगळं गाण्यांत असतं, आणि ती गाणी, म्हणजे धवले, तिच्या तोंडात असतात. पुतळाने ती आजीकडून घेतली होती. गेली कित्येक वर्षं गावातली एकही नवरी तिच्या आवाजाशिवाय सासरी गेली नव्हती. आवाज सगळ्यांना हवा होता, हात मात्र कुणाला नको होते.

हातांचं दुखणं जुनं होतं. हातांवर, कोपरांवर आणि सगळ्या पाठीवर लाल चट्टे, त्यांवर चंदेरी पापुद्रे. खाजवलं की भुगा पडायचा, नाही खाजवलं तर जीव जायचा. सोरायसिस हे नाव कळेपर्यंतच कितीतरी काळ गेला. तोवर नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडलं होतं, "बरी झाली की नेतो" असं सांगून. हा आजार कमी-जास्त होतो, पुरता जात नाही. नवरा मात्र गेला तो गेलाच.

उपाय सांगणाऱ्यांचा कधी दुष्काळ पडला नाही. कडुलिंबाच्या पाण्याची अंघोळ झाली, करंजाचं तेल झालं, कोरफड झाली, गोमूत्रसुद्धा झालं. खांदेश्वरच्या कुणा बाबाच्या काळ्या पुडीने तर अंग इतकं स्वच्छ झालं, की धर्मराजने, तिच्या धाकट्या भावाने, बाबाला घरी बोलावून शाल दिली. पुडी थांबली आणि चट्टे दुपटीने उठले. हॉस्पिटलातल्या त्वचेच्या डॉक्टर सुमेधा नंतर म्हणाल्या की असल्या पुड्यांत बरेचदा स्टेरॉईड घातलेलं असतं. शाल काही परत आली नाही.

या डॉक्टरीणबाई पुतळाला आवडायच्या. त्या झाडपाल्याला हसल्या नाहीत. "खोबरेल लावा मावशी, भरपूर लावा. सकाळचं कोवळं ऊन घ्या. पापुद्रे खरवडायचे नाहीत. पण मलम सोडून नुसत्या तेलावर राहू नका, आणि मला लपवून काही खाऊ नका. आणि हे कुणाला लागत नाही, हे लोकांना ठणकावून सांगा." ठणकावून सांगायला पुतळा तयार होती. ऐकायला कोण होतं?

ऐकणारी एकच होती, ती म्हणजे धर्मराजची बायको सगुणा. तेल हातापायांना आपलं आपल्याला लावता येतं, पाठीला कोण लावणार? भाकऱ्या झाल्या की सगुणा वाटीत खोबरेल कोमट करून यायची आणि नणंदेची पाठ चोळायची. चोळता चोळता साऱ्या गावाची उणीदुणी काढायची. पुतळाच्या अंगाला बिनदिक्कत हात लावणारं गावात तेवढंच एक माणूस. दोन वर्षांपूर्वी काविळीचं निमित्त झालं आणि सगुणा गेली. तेलाची वाटी तिच्या लेकीने, मनस्वीने, आपण होऊन उचलली.

त्या हळदीच्या संध्याकाळीही मनस्वीच तिची पाठ चोळत होती.

"आज परत हळद लावू नाय दिली ना?"

"तुना कोनी सांगलं?"

"आल्यापासून हात पदरात गुंडाळून बसलीस, कोणी कशाला सांगायला पाहिजे? माझ्या लग्नात असलं काय चालणार नाय हां आत्या. आईला तूच बोलवायचंस."

पुतळाने "हो" म्हटलं, आणि आपण केवढ्याला हो म्हटलं ते तिला माहीत होतं. त्यांच्या घराची रीतच होती. हळदीच्या दिवशी देव बोलावून झाले की घरातली गेलेली माणसं बोलवायची, एकेकाचं नाव घेऊन. नाव गायचं आणि त्याच वेळी नवरीच्या कपाळाला हळदीचं बोट टेकायचं. गाणारी एक आणि बोट टेकणारी दुसरी, असं चालत नाही. आवतण ज्या तोंडाने, हळद त्याच हाताने. त्या वेळी बाकीच्या बायका गप्प राहतात. आजीने बजावलं होतं, ज्याचं नाव राहिलं ते माणूस मांडवाबाहेर उभं राहतं.

सगुणा मांडवाबाहेर उभी राहणार, ही कल्पनाच पुतळाला सोसण्यातली नव्हती.

पुढच्याच रविवारी नवऱ्या मुलाची आई, सानपाड्याच्या नमिताबाई, याद्या ठरवायला आल्या. बाई वाईट नव्हत्या. पुतळाने पुढे केलेलं पाणी त्यांनी घेतलं, फक्त प्यायल्या नाहीत. निघताना धर्मराजला बाजूला घेऊन म्हणाल्या, "माझं काही नाही हो. पण हळद सगळ्यांच्या तोंडाला लागते. आमच्याकडचे लोक चार गोष्टी बोलणार. आत्यांनी छान बसून गावं. हळद माझी बहीण लावेल."

धर्मराज गावात चार चाळींचा मालक, नगरसेवकाशी वाद घालणारा माणूस. पण मुलीचा बाप. तो नुसता "बगू" म्हणाला.

मनस्वी आतून ताडताड आली. "मग मला हळदच नको."

"गप बस," पुतळाने तिला दटावलं. "लग्नाला येल हाय अजून. मी बरी व्हते. झालं?"

दुसऱ्या दिवशी ती एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेली. लग्नाचं सांगितलं नाही, लाज वाटली. चट्टे वाढलेत एवढंच म्हणाली. सुमेधांनी रक्त तपासायला लावलं आणि मग एक बारीक पिवळी गोळी लिहून दिली. "ही आठवड्यातून एकदाच. गुरुवारी म्हणजे फक्त गुरुवारी. बाकीच्या दिवशी ही दुसरी, ताकदीची. पिवळी चुकूनही जास्त घ्यायची नाही, त्रास होईल. आणि गुण यायला दोन-तीन महिने धीर धरायचा."

दोन-तीन महिने! लग्न तर महिन्यावर आलं होतं.

पुतळा घरी येऊन गोळ्यांकडे बघत बसली. आठवड्याचा एक वार पाळायचा, हे तिला अगदी ओळखीचं होतं. जन्मभर तिने तेच केलं होतं. कधी मंगळवार, कधी शुक्रवार. पण आजी सांगायची, एका वाराने देवी पावते ती सवडीने पावते. घाई असेल तर कडक धरावं लागतं, एकवीरेसाठी नऊच्या नऊ दिवस बाया बसतात त्या उगाच नाही. मग गोळीचं तरी वेगळं काय असणार? त्रास होईल म्हणाल्या. त्रासाची पुतळाला काय नवलाई! आणि ही काही बाबाची पुडी नव्हती. डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं औषध होतं, तेच ती घेणार होती, फक्त जरा जास्त श्रद्धेने.

तिने पिवळी गोळी रोज घ्यायला सुरुवात केली. देवापुढे हात जोडायचे, आणि गोळी. संपली तेव्हा तीच चिठ्ठी दाखवून दुसऱ्या मेडिकलमधून आणली.

आणि गुण आला, हेच तर वाईट झालं. आठवडा उलटून गेला आणि पापुद्रे गळायला लागले. हातांची लाली विझत चालली. मनस्वी पाठीला तेल लावताना ओरडलीच, "आत्या, तुझी पाठ दिसायला लागली!" पुतळाने कित्येक वर्षांनी काचेच्या हिरव्या बांगड्या भरल्या. गच्चीवर कोवळ्या उन्हात बसून ती हात उलटेसुलटे करून बघायची आणि हळू आवाजात सगुणेचं कडवं म्हणून बघायची. "ये गो सगुणे, लेकीच्या हलदीला." इतकी सुखात ती कधी नव्हतीच, असं म्हटलं तरी चालेल.

मग एका सकाळी चहा तोंडाला झोंबला. उष्णता झाली असेल म्हणून तिने तूप लावलं, ज्येष्ठमध चघळलं. दुसऱ्या दिवशी भाकरी गिळेना. जीभ सुजली, ओठ आतून सोलले. तिने कुणाला सांगितलं नाही. उपासात थोडं सोसावं लागतंच, आणि आता सांगितलं तर गोळी बंद करतील, ही धास्ती. शेवटी अंग तापाने फणफणलं, आणि मनस्वीने उशीवर रक्त पाहिलं तेव्हा सगळं बाहेर आलं.

"बाय, तुना कोनी सांगलं गो रोज गोली खायाला?" रिक्षात धर्मराज रडकुंडीला येऊन विचारत होता. एवढा दांडगा माणूस, पण बहिणीचा हात सोडायला तयार नव्हता.

डॉक्टर सुमेधा ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "रोज, मावशी?" एवढंच म्हणाल्या आणि धावपळीला लागल्या. रक्तातल्या पेशी पार खाली गेल्या होत्या. इंजेक्शनं झाली, सलाईन झालं. ते औषध असं रोज घेतलं की आतून तोंड सोललं जातं, रक्त बनायचं थांबतं, माणूस दगावतोही, असं त्यांनी धर्मराजला समजावून सांगितलं. मग पुतळाच्या खाटेशी बसून म्हणाल्या, "एवढी घाई कशाची होती? लग्नाचं मला सांगायचं तरी होतं. मुलाकडच्या लोकांशी मी बोलले असते. हे कुणाला लागत नाही, हे मी लिहून दिलं असतं."

पुतळाला बोलता येत नव्हतं. तिने नुसते हात पुढे केले. दाखवायला.

ती वाचली. हळदीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी नाखुशीनेच चार तासांची मोकळीक दिली, मास्क लावायचा आणि गर्दीत बसायचं नाही, या अटीवर.

मांडवात धर्मराजने तिला नवरीजवळ वेगळी खुर्ची दिली. गायला गावातल्या बायका बसल्या. इतकी वर्षं मागून सूर धरून धरून देवांचे धवले त्यांना येत होते. गावदेवी आली, एकवीरा आली, एखाददुसरी ओळ खाली-वर झाली तरी निभावलं. मग आवतणाची वेळ आली, आणि रीतीप्रमाणे सगळ्या गप्प झाल्या. पोरीबाळीसुद्धा गप्प झाल्या. सगळे पुतळाकडे बघू लागले.

पुतळाने मास्क खाली घेतला. हळदीत बोट बुडवलं. ते बोट स्वच्छ होतं, सरळ होतं, कुणीही हरकत घेतली नाही. नमिताबाईंनी तर वाटी स्वतः तिच्यापुढे धरली होती.

तिने तोंड उघडलं. आवाज आला, पण तो तिचा नव्हता. "ये गो" एवढं कसंबसं निघालं. पुढचं नाव जिभेला उचलेना. तिने पुन्हा गाऊन पाहिलं. घशातून नुसता घोगरा वारा आला, ओठ जुनीच जखम उघडून फाटला, आणि हनुवटीवरून लाल ओघळ खाली आला. तिसऱ्यांदा तिने सगळा जीव गोळा केला, पण सगुणेच्या नावातलं एक अक्षरही धड झालं नाही. बोट मनस्वीच्या कपाळापाशी अडून राहिलं. नावाशिवाय टेकायचं कसं?

मनस्वीने वाट पाहिली. मग तिने स्वतःच कपाळ पुढे करून त्या बोटाला लावलं.

"पुरे, आत्या," ती म्हणाली. "आली असेल ती." पण तिने मांडवाच्या दाराकडे पाहिलं, आणि पुतळानेही पाहिलं.

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. बाहेर बेंजोवाले खोळंबले होते, त्यांना कुणीतरी खूण केली. नमिताबाईंनाही भरून आलं होतं. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून त्यांनी पुतळाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, पंजाच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि अगदी मनापासून म्हणाल्या, "किती सुंदर झाले हो हात तुमचे. काय लावलंत?"

पुतळाने मास्क वर ओढला. मागच्या बायकांनी पुढचा धवला चुकत-माकत उचलला होता.