रविनाची सही

“तू रविना. काय?”

“मी काजल.”

“आज रविना. साहेब गेला का हो परत काजल. आनि हा जगन, ती त्याच्यामागची गंगी. ध्यानात ठेवा रे, नायतर चॉकलेट नाय मिळायचं.”

पिंपळखोर सार्वजनिक वाचनालयाच्या ओट्यावर अध्यक्ष महादूशेठ पोरांची बारशी उरकत होते. शाळेतून एकवीस पोरं मागून आणली होती. नावांची यादी त्यांच्या हातात होती आणि तपासणीचे साहेब अकराच्या एसटीने यायचे होते. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं तेवढं आणता येत नाही, असं म्हणतात. महादूशेठ पोरांची सोंगं आणून पैसा आणायला निघाले होते. वाचनालय वरच्या वर्गात गेलं की अनुदान वाढणार, आणि त्यासाठी बालविभाग भरलेला दिसायला हवा.

आत टेबलाशी ग्रंथपाल चंद्रकला बसली होती. टेबलावर बालविभागाची नोंदवही होती आणि तिच्यावर चंद्रकलाचे दोन्ही हात. नोंदवहीत पंचवीस नावं. त्यांतली चार पोरं खरोखर यायची. उरलेली एकवीस गेली कित्येक वर्षं फक्त चंद्रकलाला दिसत होती.

तिला वर्गवाढीशी देणंघेणं नव्हतं. तिचा जीव कोपऱ्यातल्या हिरव्या कपाटात होता. पंचवीस बालसभासद दिसले नाहीत तर बालविभाग बंद करायचा, असा समितीचा ठराव होता. बालविभाग बंद म्हणजे कपाट बंद. आणि कपाट बंद झालं की चंद्रकलाला घरी नेण्यासारखं जगात काही उरत नव्हतं.

चंद्रकला गावचीच. नांदायला वाशिंदला गेली होती. चार वर्षं वाट पाहून, मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी तिला आणून सोडलं, ते अगदी साडीचोळी करून, मानाने. हाकलायची ती रीतही त्यांना आपला मोठेपणा वाटली असावी. वडील होते तोवर घरात दोन माणसं होती. मग एक उरलं. त्र्याण्णव साली वाचनालय निघालं तेव्हा ग्रंथपाल म्हणून कुणी मिळेना, कारण पगार सांगायलाच समितीला लाज वाटत होती. चंद्रकला म्हणाली, मी बसते. ती बसली ती चौदा वर्षं बसून होती.

सुरुवातीला पोरं खरी होती. दर शनिवारी शाळा सुटली की धाडधाड ओट्यावर चढायची, चपलांचा ढीग पडायचा. त्यात चार-एक वर्षांनी पाड्यावरच्या जैतूची पोरगी आली, रविना. अकरा वर्षांची, काटकुळी, कानात खराट्याच्या काड्या घातलेल्या. तिने पहिल्या दिवशी सहीसाठी पेन डाव्या हातात घेतलं आणि लगेच घाबरून उजव्यात घेतलं.

“काय झालं गो?”

“गुरुजी मारतात. डाव्या हातानं लिवलं का.”

“मी गुरुजी नाय. लिही डाव्यानं.”

रविनाने जीभ बाहेर काढून, मान वाकडी करून आपलं नाव लिहिलं. अक्षरं सगळी मागे रेलली होती. मग आठवड्याला एक पुस्तक नेऊ लागली. नुसतं न्यायची नाही, परत आणताना त्यातलं सगळं सांगायची, आणि शेवट आवडला नसेल तर स्वतःचा करून सांगायची. चंद्रकला तिच्यासाठी शनिवारी घरून पोहे आणू लागली. बाकीच्या पोरांना ते कळू नये म्हणून कपाटामागे खायला लावायची. चंद्रकलाच्या आयुष्यात पक्षपात एवढाच.

दिवाळी झाली आणि पाडा रिकामा व्हायला लागला. दर वर्षी होतो. जैतू वाचनालयाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. मागे त्याची बायको सावळी, डोक्यावर बोचकं, आणि तिच्यामागे रविना.

“पुस्तक द्याया आली, ताय,” जैतू म्हणाला. “वीटभट्टीवर चाललो. वाशिंदकडं.”

“हिला ठेव ना माझ्याकडं. एकटीच तर आहे मी. खाईल, शाळेत जाईल.”

जैतूने सावळीकडे पाहिलं. सावळी खाली बघत म्हणाली, “धाकटा कोण सांबाळंल मग? होळीला येतोच की आमी.”

होळी आली. पाड्यावर माणसं परतली, जैतूचं घर परतलं नाही. कुणी म्हणालं, दुसऱ्या शेठकडे गेले. कुणी म्हणालं, गुजरातेत. उन्हाळ्यात चंद्रकला स्वतः वाशिंदला गेली, ज्या गावातून तिला परत पाठवलं होतं तिथे. पदर डोक्यावर घेऊन, ओळख चुकवत तीन भट्ट्या फिरली. पिशवीत एक पुस्तक घेतलं होतं. तिसऱ्या भट्टीवरचा मुकादम म्हणाला, “अशा रविना पन्नास हायेत, बाई. तुमची कंची?” ती पुस्तक घेऊन परत आली.

जूनमध्ये सभासदांची नावं नव्याने लिहायची असतात. गेलेल्यांची कापायची असतात. चंद्रकलाने तांबडी पेन्सिल घेतली, रविनाच्या नावापर्यंत आणली, आणि खाली ठेवली. मग अर्ज भरला. वय अकरा. पुस्तकाची नोंद केली, आणि सहीच्या जागी पेन डाव्या हातात घेऊन, मान वाकडी करून, मागे रेललेल्या अक्षरांत लिहिलं: रविना.

लबाडीचं असं असतं की पहिल्या पायरीला पाय कापतो, पुढे जिना आपोआप उतरला जातो. जगन शहापूरला मामाकडे गेला, त्याचं नाव राहिलं. गंगीचं चौदाव्या वर्षी लग्न झालं, तिचंही राहिलं. घराघरांत टीव्ही आले, सधन घरची पोरं व्हॅनमध्ये बसून शहापूरच्या शाळेत जाऊ लागली. शनिवारी चपलांचा ढीग लहान होत होत चार जोडांवर आला. नोंदवहीत मात्र पंचवीस पोरं गुण्यागोविंदाने नांदत होती. समितीने कधी पाहिलं नाही. महादूशेठना आकडा लागायचा, तो मिळत होता.

पण चंद्रकलाने एक नेम पाळला. रविनाच्या नावावर पुस्तक लिहिलं की ते ती खरंच घरी न्यायची आणि अक्षर न् अक्षर वाचायची. मग जगनच्या नावाचं, मग गंगीचं. जगनला भुतांची लागायची, गंगीला राजकन्यांची. जेवताना समोर पाटावर पुस्तक उघडून ठेवायची आणि म्हणायची, “बघ गो, यानं काय केलंन आता.” रविनाला नाही आवडायचा शेवट. मग चंद्रकला तिच्या वतीने दुसरा करायची. शेजारच्या धोंडीबाईला वाटायचं, हिच्याकडे रोज कोण पाहुणं येतं? मनुष्याला कुणीतरी लागतंच. चंद्रकलाला सरकारी नोंदवहीतून मिळालं, एवढंच.

साहेब आले. शांत, घामेजलेले, सकाळी ठाण्याहून निघून आसनगावला उतरलेले. चहा नको म्हणाले, पाणी मागितलं. दाखल नोंदवही पाहिली, वर्तमानपत्रं पाहिली, हिरवं कपाट उघडून पाच-सहा पुस्तकांच्या मागच्या तारखांच्या पट्ट्या पाहिल्या.

“वा! बालविभागाची पुस्तकं इतकी फिरलेली फार कमी ठिकाणी दिसतात, बाई.”

“आमची पोरं वाचनात लय पुढं,” महादूशेठ म्हणाले. “बोलावतो ना.”

पोरं ओळीने आत आली आणि सतरंजीवर बसली. साहेबांनी नोंदवहीवर बोट ठेवलं. “यात सगळ्यात जास्त पुस्तकं कुणी नेली, माहितीय? रविनाने. कोण रविना?”

कुणी उठलं नाही. महादूशेठ खाकरले. तेव्हा गुबगुबीत गालांची काजल धडपडत उभी राहिली.

“शाब्बास. मागच्या आठवड्यात तू देवमाशाचं पुस्तक नेलंयस. देवमासा म्हणजे काय गं?”

काजलने महादूशेठकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. “देवळाच्या तळ्यात असतो तो मासा.”

पोरं हसली. साहेबही हसले. “म्हणजे पुस्तकं नुसती नेतेस. वाचत नाहीस. घरी काय करतेस त्यांचं, चुलीत घालतेस?”

आता सगळी खोली हसली. काजलही हसली, कारण तिला त्यात काही लागलंच नव्हतं. लागलं ते टेबलामागे बसलेल्या बाईला. रविना आणि पुस्तक चुलीत? जिने पोह्यांचं तेल लागू नये म्हणून पानं मनगटाने उलटली, ती?

“बरं, इथे सही कर बघू,” साहेबांनी कागद पुढे केला. काजलने पेन घेतलं, उजव्या हातात.

“ही रविना नव्हे,” चंद्रकला म्हणाली.

महादूशेठ गर्रकन वळले. “चंद्रा!”

“रविना डावरी आहे, साहेब. आणि तिला ठाऊक आहे, देवमासा हा मासाच नसतो. तो पिल्लाला दूध पाजतो. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला पाठीवर घेऊन वर आणतो, पहिला श्वास घ्यायला. हे सगळं तिला ठाऊक आहे. तिला कुणी हसायचं नाय.”

साहेबांनी पोरांना बाहेर पाठवलं. महादूशेठनाही, हात जोडून. मग चष्मा काढून पुसला.

“किती खरी, बाई?”

“चार.”

“आणि बाकीची?”

“होती. गेली.”

त्यांनी मागच्या नोंदवह्या ओढल्या आणि एकेक जून पाहिला. “ही मुलगी नऊ वर्षं अकरा वर्षांचीच आहे.”

“बारा लिहिलं असतं तर चौदा लांब नव्हतं, साहेब. चौदाला नाव कापावं लागतं.”

“मग ही पुस्तकं वाचली कुणी? पट्ट्या तर भरल्यायत.”

“मी. त्यांच्या नावानं नेलेलं वाचल्याशिवाय परत आणलं नाय. तेवढी लबाडी नको म्हणून.”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं. “हे मी अहवालात कुठल्या रकान्यात लिहू, सांगा तुम्हीच.” पण रकाने ठरलेले असतात, आणि माणूस चांगला असला तरी त्याला संध्याकाळी ठाण्याला कागद द्यायचे असतात. नोंदवह्यांवर त्यांनी शेरा मारला, वरून निर्णय येईपर्यंत नवी नोंद करू नये, आणि तीनच्या एसटीने गेले.

पुढच्या शनिवारी काजल एकटीच आली. दारात उभी राहून म्हणाली, “चंद्राताय, तो दूध कसा पाजतो, पान्यात? माजं नाव लिवता का?”

एकवीस खोटी नावं नऊ वर्षं सांभाळलेल्या बाईला एक खरं नाव लिहिता येत नव्हतं. “थांब बाय. कागद येऊ दे वरून,” ती म्हणाली. काजल आणखी दोन शनिवार आली. मग आली नाही.

कागद आला. वर्गवाढ नाही, बालविभाग बंद. महादूशेठनी चार लोकांत तिचा उद्धार केला. “चौदा वर्षं खाऊ घातलं आनि शेवटाला घरच फोडलंन!” एक एप्रिलपासून त्यांचा पुतण्या प्रणय ग्रंथपाल झाला. तो वाशिंदला कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, स्वभावाने बरा. चंद्रकलाला त्याने खुर्ची दिली, तिचीच.

दोघांनी हिरवं कपाट रिकामं केलं. पुस्तकं मोजून सुतळीने गठ्ठे बांधले, ग्रामपंचायतीच्या माळ्यावर टाकायला. एक कमी भरलं.

“देवमासा,” प्रणय यादी पाहत म्हणाला. “जाऊ दे आत्या, हरवलं लिहितो. कोण विचारतंय?”

“हरवलेलं नाय. घरी आहे. आणते.”

ती भर दुपारी घरी गेली आणि आली. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर होतं. प्रणयने ते घेतलं आणि गठ्ठ्यात सरकवायला वाकला.

“आधी वही दे. परत केल्याची सही राहिलीय.”

“आता कशाला? सगळं बंदच झालंय ना.”

“पुस्तक जिनं नेलं तिनं परत केलं, असं दिसायला पाहिजे.”

त्याने नोंदवही पुढे केली. चंद्रकलाने शेवटची ओळ शोधली. पेन डाव्या हातात घेतलं, मान वाकडी केली आणि मोकळ्या रकान्यात हळूहळू, काना-वेलांटी न चुकवता नाव लिहिलं. अक्षरं मागे रेलली.

प्रणय पाहत राहिला. “आत्या, तुमी डावऱ्या हाव? कधी ध्यानातच नाय आलं.”

“मी नाय रे,” शाई वाळावी म्हणून वहीवर फुंकर घालत ती म्हणाली. “रविना.”