पत्रकाखालची नावं

इटलीतल्या एका गावच्या छापखान्यात खिळे जुळवता जुळवता उबाल्दोनं मान वर केली. "बाई, 'मंकातो' जुळवलं. म्हणजे, 'एजिदियो आपल्यातून उणा झाला.' खाली नावं कुणाची घालू?"

फेदोराबाईंनी जपमाळ मुठीत धरली. भाऊ एजिदियो पहाटे गेला होता. संध्याकाळच्या आत निधनाची पत्रकं देवळाच्या भिंतीवर आणि चौकात लागायला हवी होती.

"माझं एकटीचं."

"आणि देल्फिनाताईंचं? लोक वरचं वाचत नाहीत बाई, खालची नावं बघतात."

"बघू देत."

आई गेली तेव्हा थोरली बहीण देल्फिना बेल्जियमात बाळंतीण होती, येऊ शकली नाही. रागाच्या भरात फेदोराबाईंनी पत्रकातून तिचं नाव गाळलं. कुणीतरी ते पत्रक तिला पोस्टानं धाडलं. तेव्हापासून बहिणी-बहिणींत अबोला.

उबाल्दो हळूच म्हणाला, "शाळेत तुम्ही शिकवलं होतंत. पुरुषाला मंकातो, बाईला मंकाता."

"आणि तू दरवेळी चुकायचास, गाढवा."

"मग तुम्ही उदाहरण दिलंत. 'तू मला उणी झालीस', म्हणजे मला तुझी आठवण आली. यात कर्ता कोण? जी इथे नाही, ती. म्हणून शब्द तिच्याप्रमाणे बदलतो, आठवण काढणाऱ्याप्रमाणे नाही."

बाईंना लहानपण आठवलं. रविवारी प्रार्थनेआधी देवळाच्या पायरीवर देल्फिना त्यांची वेणी घालायची. लहानगा एजिदियो रिबीन दातांत धरून उभा असायचा आणि हसू आलं की ती पाडायचा.

रक्ताच्या माणसाला मरण भिंतीवरून कळू नये, ही गावची रीत. नाव घालायचं तर आधी तिला कळवायला हवं होतं. उबाल्दोनं फोन पुढे सरकवला.

"ताई, मी फेदोरा. आपला एजिदियो गेला गं."

पलीकडे बराच वेळ नुसते हुंदके. मग नाक ओढत प्रश्न आला, "या वेळी माझं नाव घातलंस का?"

"तेच विचारायला..."

"विचारतेस काय? माझा भाऊ नव्हता तो?" आवाज पुन्हा भरून आला. "संध्याकाळच्या गाडीत बसते. आणि हे बघ, चूल पेटवू नकोस. जेवण शेजारणी आणतील. तुला मेलीला स्वस्थ बसवत नाही."

"नाही पेटवत, ताई."

फोन ठेवून त्यांनी हातरुमालानं डोळे पुसले.

"उबाल्दो, आधी देल्फिनाचं घे. थोरली आहे ती."