काल्हेरच्या शोकेसमधला बलून

मी बलून बोलतोय. जत्रेतला नाही, आणि तुमच्या पोराच्या वाढदिवसाला दाराला टांगतात तोही नाही. हृदयाच्या नळीत शिरून, फुगून, ती मोकळी करणारा बलून. हसा खुशाल! केसरीनाथशेठच्या बंगल्यावर येणारा प्रत्येक पाहुणा आधी हसतोच. "एवढासा?" म्हणतो आणि चहाची वाट बघत बसतो.

हो, एवढासाच. लांबलचक बारीक नळीच्या टोकाला घडी घालून बसवलेला, दोन तांदूळ एकापुढे एक ठेवावेत एवढा. माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथली माणसं तोंड झाकून काम करायची, त्यामुळे फालतू बडबड नव्हती. ते सुख ठाण्याजवळच्या काल्हेर गावात आल्यावर संपलं.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. शेठने खाडीकाठच्या जमिनी गोडाऊनला दिल्या होत्या. पूर्वी त्याच जमिनीत राबणारा हा माणूस आता बंगल्यापासून शेजारच्या गोडाऊनपर्यंत जायलाही गाडी काढायचा. पोट सुटलं, रोजचं मटण सुटेना. मग एके दिवशी जबडा दुखला, डाव्या हातात कळ गेली, अंगाला दरदरून घाम फुटला. शेठने नुसतं "आई गं" म्हटलं, तर अख्खी भावकी चार गाड्या घेऊन ठाण्याला धावली. इस्पितळाच्या आवारात गाड्या लावायला जागा उरली नाही.

हृदयाची मोठी नळी जिथे दोन वाटांना फुटते, नेमका तिथेच अडथळा होता. असा फाटा म्हणजे डॉक्टरांच्या डोक्याला ताप. मोठा रस्ता रुंद करताना सगळी खडी फाट्याच्या तोंडावर लोटली जाते की नाही, तसंच तिथे होतं. मोठ्या नळीत जाळी, म्हणजे स्टेंट, बसवली आणि बाजूची नळी चेपली. मग त्या जाळीच्या भोकातून मला आत घातलं. माझा जोडीदार, म्हणजे दुसरा बलून, मोठ्या नळीत, मी बाजूच्या. दोघांना एकाच वेळी फुगवायचं, म्हणजे एकाने दुसऱ्याची वाट दाबायची नाही. या कामाला डॉक्टर लोक 'किसिंग बलून' म्हणतात. नाव ठेवणाऱ्याची हौस बघा! आम्ही गालाला गाल लावून फुगलो, दोन्ही नळ्या वाहू लागल्या, आम्ही बाहेर आलो. माझं आयुष्य एवढंच होतं आणि ते चांगलं गेलं.

जोडीदार नशीबवान. कचऱ्याच्या पिशवीत गेला, जळून मोकळा झाला. माझ्या मागे मात्र शेठ लागला. "माझे गोडाऊनला माल उतरला का मी रिकामा खोका पन मोजून घेतो. बलून मना दाखवा. माझा हाय त्यो." वॉर्डातल्या सगळ्यांचं डोकं खाऊन त्याने मला धुऊन, पिशवीत घालून घरी आणलं.

तेव्हापासून मी शोकेसमध्ये. एका बाजूला क्रिकेटच्या ट्रॉफ्या, दुसऱ्या बाजूला गोडाऊनच्या उद्घाटनाची कात्री, मध्ये लाल मखमलीवर मी. बाजूच्या नळीतून रक्त वाहतं केलं त्याचं हे बक्षीस!

कुणीही येवो, शेठ काच सरकवणार आणि सुरू होणार. दूधवाल्यालाही सोडलं नाही. जबडा कसा दुखला, घाम कसा फुटला, डॉक्टर कसे घाबरले. डॉक्टर अजिबात घाबरले नव्हते, मी तिथे होतो. ऐकणारे "अरे बापरे" म्हणायचे. बायको ठमाबाई तेवढ्यात चहा आणायची, कप गोळा करायची, जाता जाता माझी काच पदराने पुसायची. या घरात माझ्या काचेला कौतुकाशिवाय हात लावणारी ती एकटीच. त्यामुळे मला ती आवडायची.

अशी काही वर्षं गेली, आणि एका आठवड्यात तिचा हात काचेवरच थांबायला लागला. ती दुसऱ्या हाताने जबडा दाबायची. फुल स्पीडवर पंखा असताना कपाळ पुसायची. मला बघताक्षणी कळलं. पण मी काय करणार? मला तोंड नाही, आणि ज्यांना आहे ते स्वतःची कथा सांगण्यात गुंग!

त्याच आठवड्यात जवळच्या अंजूर गावाहून लेकीचे सासरे, व्याही हिरामण, बायकोला घेऊन आले. शेठने काच सरकवली. "पयला जबडा दुखला. मना वाटला दाढ हाय. मंग घाम, बनियान पिळावी येवढा..."

ठमाबाई चहाचा ट्रे घेऊन आली. कप वाजत होते. विहीणबाईंनी विचारलं, "काय झाला गो? बरा न्हाय का?"

"काय न्हाय. गॅस झालाय. दाढ पन दुखते."

"सोडा पी," शेठ मागे न बघता म्हणाला. "हां, तर घाम..."

अरे गाढवा! एवढा मोठा जबडा तुझा, तुझीच कथा तुझ्याच बायकोच्या तोंडावर लिहिली होती, ती तुला वाचता येईना?

वाचली ती सून मृणालीने. सासऱ्यांची कथा तिची पाठ झाली होती. ती उठून सासूजवळ गेली. "आई, डाव्या हातात पण कळ येते का?"

ठमाबाईने मान हलवून हो म्हटलं.

"पप्पा, गाडी काढा," मृणाली शेठला म्हणाली.

"पावणे बसलेत न? बायांना हार्टबिर्ट होत न्हाय. गॅस व्हतो."

दारात दोन गाड्या उभ्या होत्या. मृणालीने पुन्हा विचारलं नाही. सासूला धरून रस्त्यावर गेली आणि रिक्षा थांबवली. मागे शेठ पाहुण्यांना म्हणाला, "आजकालच्या पोरींना लई घाई."

पुढचं मला मृणाली नवऱ्याला सांगत होती तेव्हा कळलं. ठमाबाईचाही अडथळा फाट्यावरच होता. दोन बलून एकदम फुगवले, नळ्या उघडल्या, जीव वाचला. पण रक्त न मिळाल्याने हृदयाचा बराच भाग तोवर मेला होता. "त्रास सुरू झाला तेव्हाच आणलं असतं तर," डॉक्टर म्हणाले. आम्ही नळी उघडतो, बाबांनो. मेलेलं मांस उठवत नाही.

ठमाबाईला घरी आणल्यावर शेठने पहिलं काय विचारलं, सांगू? "हिचा बलून कुठाय?"

"मी मागितला नाही," मृणाली म्हणाली. शेठ हिरमुसला. त्याने माझ्याशेजारी जागा करून ठेवली होती.

आता ठमाबाईला पलंगापासून मोरीपर्यंत जाताना धाप लागते. तिला बघायला काल भावकीतल्या बाया आल्या. शेठने सवयीने काच सरकवली. एकीने विचारलं, "येवढा झाला तवर कसा कलला न्हाय?"

"अचानक झाला ना. कोनाला काय कललाच न्हाय."

"अचानक न्हाय," खुर्चीतून ठमाबाई म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू आला. "तुमच्या म्होरं उभी राहून घाम पुसत व्हते मी. तुमी तुमचा घाम सांगत व्हते."

कुणी "अरे बापरे" म्हटलं नाही. शेठ काच धरून उभा राहिला. मला त्याची कीव आली नाही.

माझी एवढीच विनंती आहे. मला मखमलीवरून उचला आणि कचऱ्यात टाका. एकदा वापरायची वस्तू आहे मी, माझी पूजा कसली करता? आणि घरातली बाई जबडा दाबत "गॅस झालाय" म्हणाली, तर सोडा शोधत बसू नका. तिच्या कपाळाकडे बघा आणि गाडी काढा. दारातच तर उभी असते.