तिसरं तिकीट

“आमचं जेवण परळीलाच झालं, अक्का,” रुद्रेश म्हणाला आणि शिवकांताच्या हातातला डबा घेऊन त्यानं सीटखाली सरकवला.

गाडी नांदेडहून आली होती आणि लातूरला पाच-सात मिनिटं थांबणार होती. तेवढ्यात शिवकांतानं सगळं बघून घेतलं. भाऊ आणि भावजय खालच्या बर्थवर एकाच चादरीत पाय घेऊन बसले होते. मधे चिवड्याची पुडी. अंजूनं केस मोकळे सोडले होते आणि एसीच्या गारठ्यात तिच्या अंगावर रुद्रेशचा स्वेटर होता.

“धपाटे हायत. शेंगाची चटणी हाय, तुला आवडती तशी लई तिखट केली.”

“उद्या खातो की.”

“ह्यांना तिखट बंद केलंय, अक्का,” अंजू म्हणाली. “फेब्रुवारीपासनं पित्ताचा त्रास हाय. गोळ्या चालू हायत.”

फेब्रुवारीपासून, आणि आता मे लागला होता. ज्या पोटात तिनं इतकी वर्षं घास घातले, त्या पोटाची खबर तिला आज गाडीत मिळत होती, आणि तीही अंजूच्या तोंडून.

शिवकांता लातूरच्या ट्यूशन भागात मेस चालवायची. डॉक्टर व्हायला आलेली साठ पोरं दोन वेळा तिच्याकडे जेवायची. उदगीरला दिलेली ती, नवऱ्यानं दुसरा घरोबा केला तेव्हा माहेरी परत आली. पुढं चार वर्षांत आई-वडील दोघंही गेले. रुद्रेश तेव्हा अकरा वर्षांचा होता. चार डब्यांवर सुरू केलेली मेस तिनं एकोणीस वर्षं ओढली. दुसऱ्या लग्नाचा विषय कुणी काढला, की ती पोळपाट पुढं ओढायची. रुद्रेश शिकला, नांदेडच्या पॉलिटेक्निकात लागला, त्याचं लग्न झालं. मेमध्ये परीक्षा आटोपून पोरं गावी गेली, की मेस महिनाभर बंद असायची, आणि ती घरात नुसती फिरत राहायची. यंदा त्याचा फोन आला, “अक्का, समुद्रावर जाऊ. नागावला कॉटेज घेतलंय.” तिनं सगळ्या गल्लीला सांगितलं, “माझा रुद्रेश मला समुद्र दाखवायला नेऊन राहिला.”

तिची जागा त्याच डब्यात, पण बरीच पुढं, दाराजवळ होती. रुद्रेशनं तिची पिशवी नेली, चादर अंथरून दिली, म्हणाला, “झोप आता,” आणि निघून गेला. दिवे मालवले तरी तिला झोप येईना. मधूनच अंजूचं हसणं ऐकू यायचं. आपल्या धपाट्यांवरच हसत असतील, असं तिला वाटलं आणि तिनं पदर कानावर ओढून घेतला.

नागावचं कॉटेज सुपारीच्या वाडीत होतं. दोन खोल्या, पुढं पडवी, आणि पाच मिनिटांवर समुद्र. शिवकांतानं समुद्र पाहिला. एवढं पाणी असेल असं तिला वाटलं नव्हतं. पण तिनं शेजारी पाहिलं, तर रुद्रेश शेजारी नव्हता. तो अंजूचा हात धरून पाण्यात पोचलाही होता. लाट आली की अंजू त्याच्या दंडाला धरायची, आणि तो मुद्दाम तिला आणखी आत ओढायचा. लहानपणी नळाचं पाणी अंगावर घेतानाही हा पोरगा आपल्यालाच बिलगायचा, हे शिवकांताला आठवलं.

“अक्का, या की,” अंजूनं हाक मारली.

“मला नको. तुमचं चालू द्या.”

दोन दिवस असेच गेले. अंजूनं चहात साखर कमी घातली तरी शिवकांताला ते खुपे, आणि रुद्रेशनं तो न बोलता प्यायला तरी खुपे.

दुसऱ्या संध्याकाळी घरमालकीणबाईंनी वालाचं बिरडं केलं. रुद्रेशनं दोनदा मागून घेतलं. “असलं कधी खाल्लंच न्हाई. अंजू, हे शिकून घे बाई.”

“माझ्या हातचं शिकली का आधी?” शिवकांता म्हणाली.

“अक्का, जेवताना कामून?”

“मला दिसत न्हाई का? तिला मी नको व्हते इथं. तू आणलंस म्हणून दोन दिवस तोंड दाबून बसली.”

रुद्रेशनं हातातला घास खाली ठेवला. “मी न्हाई आणलं तुला,” तो हळू आवाजात म्हणाला. “मी दोनच तिकिटं काढली होती. तिसरं हिनं काढायला लावलं, महिन्यानं. म्हणून तर तुझी जागा लांब आली.”

“राहू द्या ना,” अंजू पुटपुटली.

पण बोलणं बोलून झालं होतं. तो हात धुवायला उठला तो बाहेरच गेला. गल्लीत ज्या ज्या दारात आपण ती गोष्ट सांगितली, ती सगळी दारं शिवकांताला एकेक करून आठवली.

सकाळी लिंगपूजा उरकून ती पडवीत बसली होती. रुद्रेश अजून उठला नव्हता. अंजूनं चहा आणून पुढं ठेवला.

“बस,” शिवकांता म्हणाली. “माझं तिकीट कामून काढायला लावलंस? कीव आली?”

“कीव न्हाई.” अंजू पडवीच्या कडेला टेकली. “मागच्या वर्षी आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो. तीन दिवसांत ह्यांनी तुम्हाला अकरा फोन केले. अक्का जेवली का, अक्काचा सिलिंडर आला का. मी पॉइंटवर उभी, आणि हे माझ्याकडं पाठ फिरवून फोनवर. मला वाटलं, अक्काच सोबत असल्या तर निदान फोन तरी खिशात राहील.”

“म्हणजे माझा राग येतो तुला.”

“येतो,” अंजू म्हणाली. “चार वर्षं झाली लग्नाला. रोज ताटावर बसलं, की तुमच्या हाताची चव निघते. मी काही बोलत न्हाई.”

अकरा फोन. शिवकांताला आधी ते गोडच लागलं, इतकं, की तो आकडा पुन्हा एकदा अंजूच्या तोंडून ऐकावासा वाटला. मग तिचं लक्ष पोरीच्या चेहऱ्याकडे गेलं. डोळ्यांखाली काळं धरलं होतं. रात्री तीही झोपली नव्हती. आपण गाडीत कानावर पदर ओढून ज्या आगीत पडलो होतो, त्याच आगीत ही चार वर्षं गपचूप बसून होती.

“आज मुरुडला जाऊन या,” ती म्हणाली. “किल्ला बघा. मी येत न्हाई.”

“ह्यांना पटायचं न्हाई.”

“ते मी बघते.”

रुद्रेश उठून आला तो खाली मान घालूनच. “अक्का, काल मी…”

“खरं बोललास. आता आवर. माझे पाय दुखून राहिले, मी इथंच बसते. आणि सारखा फोन करू नको.”

ते दोघं गेले. शिवकांता वाडीतून फिरली, पडलेल्या सुपाऱ्या उगाच गोळा करून ओट्यावर ठेवल्या. दुपारी मालकीणबाईंनी पडवीत एकच पान मांडलं.

“एकट्याच आज?”

“हाव. एकटीच.”

भात वाढून झाला, तशी शिवकांता सवयीनं आमटीचं भांडं घ्यायला उठली. “बसा हो,” मालकीणबाई म्हणाल्या. “मी आहे ना वाढायला.” ती पुन्हा बसली. कुणी समोर उभं राहून गरम गरम वाढतंय आणि आपण नुसतं जेवतोय, असं शेवटचं कधी झालं होतं, ते तिला आठवेना. आई असतानाच कधीतरी.

पाटाशेजारी ठेवलेला फोन वाजू लागला. रुद्रेशच होता.

“घ्यायचा नाही का?” मालकीणबाईंनी विचारलं.

“हात खरकटा हाय,” शिवकांता म्हणाली. “थोडा भात वाढा.”

फोन बराच वेळ वाजत राहिला. तो थांबेपर्यंत ती खाली मान घालून सावकाश जेवत होती.