मासा बिचकेल

नवऱ्याने बैठकीच्या खोलीत काठीसारखा सडपातळ, सुईसारख्या जबड्याचा शिकारी मासा पाळला होता. म्हणे आवाज झाला की मेला बिचकतो, काचेवर आपटतो आणि जबडा मोडून घेतो. त्यामुळे लग्नापासून बायकोचं प्रत्येक भांडण कुजबुजीतच विझलं.

आज तिचं शिलाई मशीन जागेवर नव्हतं. स्टीलचं ताट उचलून ती माशाच्या टाकीपाशी उभी राहिली.

"मशीन कुठंय?"

"हळू बोल! मासा बिचकेल."

"विकलंत ना?"

नवऱ्याने ओठांवर बोट ठेवलं. तिने ताट सोडून दिलं. फरशीवर आदळून ते घरभर खणखणलं.

मासा जागचा हलला नाही. खाद्य म्हणून टाकीत सोडलेल्या चिमुकल्या माशावर तो तसाच डोळा लावून होता.

दचकला तो नवराच.