यूच्या ढोलीत ऑगस्टाबाई

आमच्या थॉर्नकोम गावचा इतिहास पाहुण्यांना सांगायचा मान ऑगस्टाबाईंचा. चर्चच्या आवारात यूचं पुरातन, पोकळ झाड आहे. "लढाईत राजाची माणसं इथं लपली होती," असं म्हणत बाई ढोलीत शिरल्या आणि बाहेर येताना कमरेशी अडकल्या. तरी तशाच अवस्थेत त्यांनी जुन्या पुलाची हकिकत पूर्ण केली.

चर्चची घंटा वाजवणारा विधुर सायलस धावत आला.

"हसतोस काय मेल्या? ओढ!"

"दोनदा लग्नाचं विचारलं, दोनदा टाळलंस. आता कुठं पळशील?"

"आधी बाहेर काढ, मग हो म्हणते!"

त्यानं असं ओढलं, की दोघंही गवतात कोसळली. मे महिन्यात लग्न लागलं. आता इतिहास दोघं मिळून सांगतात आणि पाहुण्यांसमोरच सनावरून भांडतात.